खाडीपुलांची शाकारणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत, इतिहास, अध्यात्म असे विषय शोभून दिसतात. पूल हा विषय घेऊन कोणी उभा राहिला, तर श्रोत्यांच्या मनात थोडी धास्तीच उत्पन्न होते. हा गृहस्थ आता फळ्यावर आकडेमोड करणार आणि आपल्याला समीकरणे सोडवायला लावणार! ही भीती आम्ही आरंभीच घालवून टाकतो. फळा आम्ही मागितलेलाच नाही. जे सांगायचे आहे ते तुम्हां-आम्हां सर्वांच्या घरच्या भाषेत सांगता येण्यासारखे आहे.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. आपण राहतो घाटावर. समुद्र येथून कितीतरी दूर. मग समुद्रकाठच्या जुन्या पुलांची चिंता आपण का वाहावी? त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. शाळांना सुटी लागली की आपल्यापैकी निम्मी बिऱ्हाडे कोकणात उतरतात. कोणाचे तेथे आजोळ असते, कोणाचे कुलदैवत. येथल्या बाजारात आलेली आंब्याची पेटी कोणती ना कोणती खाडी ओलांडूनच आलेली असते. एस.टी.त खिडकीशी बसलेले मूल "खाडी आली, खाडी आली" म्हणून ओरडते, आपण क्षणभर बाहेर पाहतो, आणि गाडी पुलावरून पलीकडे जाते. त्या अर्ध्या मिनिटात आपण आपली मुलेबाळे कोणाच्या भरवशावर सोपवतो? त्या पुलाच्या पायांत काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक असते काय? आजचा विषय एवढाच आहे.

प्रथम आमचीच एक गोष्ट सांगतो. ती आमच्या मोठेपणाची नाही, म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच इंजिनियर होऊन नोकरीस लागलो होतो. एका खाडीवरील पुलाची वार्षिक तपासणी आमच्याकडे आली. आम्ही जीपने पुलावर पोहोचलो ते अमावास्येच्या दिवशी, भर दुपारी. किनाऱ्यावरच्या मंडळींना हे सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगतो: आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते. खाडी तुडुंब भरलेली होती. आम्ही पुलावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. कठड्यांना नुकताच रंग दिलेला, रस्त्यावर खड्डा नाही, खालचे पाणी शांत. नोंदवहीत आम्ही लिहिले, "स्थिती समाधानकारक", आणि खाली झोकदार सही केली.

पुलाच्या टोकाशी एक म्हातारा तांडेल जाळे विणीत बसला होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पुलाचं तोंड पाहिलंत. पाय पाहायचे तर उधाणाच्या सुकतीला या." सुकती म्हणजे ओहोटी. आम्ही हसलो आणि जीपमध्ये बसलो.

ते वाक्य मात्र मनातून जाईना. पुढल्या वर्षी पुन्हा तपासणी आली, तेव्हा पौर्णिमा गाठून आम्ही पहाटे सहाला होडीतून पुलाखाली गेलो. पाणी पार उतरले होते. जे दिसले ते पाहून तोंडचे पाणी पळाले. खांबांवर कालवांचा थर. त्याच्या वर हातभर पट्ट्यात काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले आणि आतल्या सळया म्हाताऱ्या बैलाच्या बरगड्यांसारख्या उघड्या पडलेल्या. मधल्या दोन खांबांपाशी तळाची वाळू पुरुषभर खचलेली. ज्या पायाने जमिनीत गाडलेले असावे, तो पाण्यात उघडा उभा! आम्ही त्याच दिवशी अहवाल पाठविला. पुलावरची जड वाहतूक थांबली, दुरुस्ती झाली आणि कोणाचा जीव गेला नाही. पण मधल्या वर्षभरात त्या पुलावरून लग्नाची वऱ्हाडे गेली होती, शाळेच्या सहली गेल्या होत्या. त्या वर्षात पूल कोसळला असता, तर चौकशी करणाऱ्यांच्या हाती आमचीच नोंदवही पडली असती, आणि तीत लिहिलेले असते, "स्थिती समाधानकारक". ही नोंद आम्हांला आजही मधूनमधून झोपेतून उठवते. आजचे व्याख्यान म्हणजे एका अर्थी त्या नोंदीची दुरुस्ती आहे.

समुद्रकाठच्या पुलाला तीन शत्रू असतात. एक मीठ, दुसरा खालून वाळू उपसणारा प्रवाह, आणि तिसरा वादळाची लाट. तिघांची कामाची रीत निरनिराळी आहे; म्हणून एकेकाची ओळख करून घेऊ.

पहिला शत्रू मीठ. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया असतात हे सर्वांना ठाऊक आहे. सिमेंटचा गुण क्षारधर्मी असल्यामुळे त्याच्या पोटात असेपर्यंत लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक कवच राहते आणि ते गंजत नाही. पण खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये झिरपते, वर्षानुवर्षांनी सळईपर्यंत पोहोचते आणि ते कवच मोडते. मग गंज सुरू होतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. आपले पाथरवट खडकाला भोके पाडून त्यांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकीत आणि वर पाणी ओतीत. लाकूड फुगले की खडक फुटे. गंजलेली सळई काँक्रीटला आतून तसेच फोडते. मौज अशी की, सदा पाण्याखाली असलेला खांबाचा भाग पुष्कळ सुरक्षित राहतो, कारण तेथे हवा पोहोचत नाही. सर्वांत हाल होतात ते भरती-ओहोटीच्या आणि तुषारांच्या पट्ट्याचे, कारण तो दररोज भिजतो आणि दररोज सुकतो. आम्ही पाहिलेल्या उघड्या बरगड्या नेमक्या त्याच पट्ट्यात होत्या.

पुलांचा एक प्रकार आहे, त्यात तर हा शत्रू अधिकच कपटी होतो. त्याला पूर्वताणित काँक्रीट म्हणतात. नाव अवघड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतो. धाव निवली की आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे आवळून धरते. पूर्वताणित पुलात पोलादी तारांना असाच जबर ताण देऊन काँक्रीट आवळलेले असते. त्यामुळे कमी सामानात लांब गाळे टाकता येतात. पण ही धाव काँक्रीटच्या पोटात नळ्यांमध्ये असते, डोळ्यांना दिसत नाही. त्या नळ्या सिमेंटच्या लाप्याने नीट भरल्या गेल्या नाहीत, तर आत ओल शिरते आणि ताणलेल्या तारा एकेक करून तुटू लागतात. वरून रंग शाबूत, कठडे शाबूत; आणि एके दिवशी चाक निखळते.

हे काल्पनिक नाही. पणजीचा मांडवीवरील पहिला पूल १९७० साली बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुलाचे वय अवघे सोळा वर्षे! तारांचा गंज हे त्याचे मुख्य कारण सांगितले गेले. त्यानंतर राजधानीच्या लोकांना नदी ओलांडण्यासाठी पुन्हा फेरीबोटीपाशी रांगा लावाव्या लागल्या. मुंबईजवळ ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला; त्याच्याही तारांनी दगा दिला आणि बाहेरच्या बाजूने नवे ताण देऊन त्याला सावरावे लागले. गोव्यातील झुआरीच्या जुन्या पुलावरही पुढे जड वाहनांना बंदी घालावी लागली. तेव्हा "पूल तरुण आहे, इतक्यात काय होते" असे म्हणण्यात अर्थ नाही. खाऱ्या हवेत पुलाचे वय जन्मतारखेवरून मोजता येत नाही.

ह्या शत्रूवर उपाय आहेत आणि ते जगाला चांगले ठाऊक आहेत. मेक्सिको देशात प्रोग्रेसो नावाचे बंदर आहे. तेथे १९३७ ते १९४१ ह्या काळात समुद्रात सुमारे दोन किलोमीटर लांबीचा कमानींचा धक्का बांधला गेला आणि त्यात न गंजणारे पोलाद, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टील, सळयांसाठी वापरले. तो धक्का अजून उभा आहे. त्याच्या शेजारी त्यानंतर काही दशकांनी साध्या सळयांचा दुसरा धक्का बांधला. तो केव्हाच नाहीसा झाला, पाण्यात नुसते खुंट उरले. पहिल्याला आरंभी खर्च अधिक आला खरा, पण स्वस्त कोणता पडला, हे तुम्हीच सांगा.

आधीच उभा असलेल्या पुलाला मात्र नव्या सळया देता येत नाहीत. तेथे दुसरी युक्ती आहे. हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली दाखवून दिले की, जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्राचे पाणी तो तुकडा खाते आणि तांबे वाचते. आज पुलाच्या खांबांना जस्ताच्या जाळीचा अंगरखा चढवतात तो ह्याच तत्त्वावर. जस्त झिजते, सळई टिकते. अट एकच: जस्त संपले की ते बदलायला कोणीतरी यावे लागते.

दुसरा शत्रू, वाळू उपसणारा प्रवाह. समुद्रकिनारी ओल्या वाळूत उभे राहून पाहा. लाट परतताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि आपला तोल जातो. पुलाच्या खांबाशीही हेच घडते. प्रवाह खांबावर आपटतो, खाली वळतो, भोवरा करतो आणि खांबाच्या पायथ्याशी खड्डा खणतो. पुरात हा खड्डा अति खोल जातो. आणि त्यातले कपट असे की, पूर ओसरताना गाळ येऊन तो पुन्हा भरून निघतो. पुरानंतर पाहणीस गेलेल्या माणसाला सारे ठाकठीक दिसते. पण तो भरलेला गाळ म्हणजे जखमेवरची नुसती खपली. पुढल्या पुरात ती पहिल्या तासात निघते.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा पूल पुराच्या लोंढ्यात गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह पाण्यात गेली. सुमारे चाळीस माणसे बळी पडली. शेजारचा नवा पूल त्याच पुरात उभा राहिला. पुढे वर्षाच्या आत नवीन पूल तयारही झाला. पण रात्रीच्या एस.टी.ने निघालेल्या त्या माणसांना त्याचा काय उपयोग? त्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते आणि तेवढ्याच विश्वासाने डोळे मिटले होते.

ह्या शत्रूवर उपाय म्हणजे खांबांभोवती मोठ्या दगडांची भर घालणे, पाया अधिक खोल किंवा रुंद करून घेणे आणि पूर चालू असतानाच तळाची खोली मोजणे. ध्वनीच्या लहरी पाण्यात सोडून तळ मोजणारी यंत्रे आता पुलाला कायमची बसवता येतात. खांब किंचित कलला तरी इशारा देणारी उपकरणे मिळतात. आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे खांबावर एक लाल रेघ: पाणी येथवर चढले की फाटक लावायचे, मग पलीकडे मंत्री खोळंबलेला असो की वऱ्हाड.

आता तिसरा शत्रू, वादळाची लाट. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याला वाटते, वादळ पुलाला बाजूने ढकलून पाडते. पुष्कळदा ते पुलाला खालून उचलते!

विहिरीत किंवा हौदात उपडी कळशी दाबून पाहा. आतली हवा तिला वर ढकलते. दाबून धरायला मोठा जोर लागतो. पुलाच्या गर्डरांच्या मधल्या पोकळ्या म्हणजे अशाच उपड्या कळश्या. वादळात समुद्राची एकूण पातळीच चढते आणि त्या चढलेल्या पाण्यावर लाटा येतात. पाणी पुलाच्या पोटाला लागले की आतली कोंडलेली हवा गाळ्याला हलका करते आणि लाट खालून ठोसा मारते. कित्येक जुन्या पुलांचे गाळे खांबांवर नुसत्या स्वतःच्या वजनाने बसवलेले असत, कारण एवढे शेकडो मणांचे धूड कोण उचलणार, अशी बांधणाऱ्यांची समजूत होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कतरीना नावाचे वादळ आले, तेव्हा बिलॉक्सी आणि बे सेंट लुई येथील उपसागरांवरच्या लांबलचक पुलांची गत अशीच झाली. वादळ ओसरल्यावर लोकांनी पाहिले, तो खांब रांगेने उभे, आणि त्यांच्यावरचे गाळे पत्त्यांसारखे शेजारी पाण्यात पडलेले.

आपल्या देशाला हा धडा त्याच्या एकेचाळीस वर्षे आधीच मिळालेला होता. रामेश्वरच्या यात्रेला गेलेल्यांनी पांबनचा रेल्वे पूल पाहिला असेल. तो २४ फेब्रुवारी १९१४ रोजी खुला झाला. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री जे चक्रीवादळ आले, त्याने धनुष्कोडी हे गाव पुसून टाकले, त्या गावाकडे निघालेली प्रवासी गाडी शंभरावर माणसांसह गिळली, आणि ह्या पुलाच्या सव्वाशेच्या आसपास तुळया खांबांवरून उडवून समुद्रात टाकल्या. जहाजांसाठी उघडणारा मधला गाळा मात्र वाचला. तरुण इंजिनियर ई. श्रीधरन ह्यांच्याकडे दुरुस्ती सोपविण्यात आली. सहा महिन्यांची मुदत, ती तीन महिन्यांवर आणली. आणि काम उरकले ४६ दिवसांत! समुद्रातून तुळया हुडकून काढून पुन्हा चढविल्या. हेच श्रीधरन पुढे आपल्या कोकण रेल्वेचे शिल्पकार झाले.

त्या पुलाची पुढली हकिकत अधिक बोधप्रद आहे. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होऊन गाडी थांबावी, अशी योजना तेथे केली गेली. पूल सोसाट्याच्या वाऱ्यात वापरायचाच नाही, हाही पूल वाचविण्याचा, निदान माणसे वाचविण्याचा, एक उपाय आहे. खाऱ्या वाऱ्यात ते पोलाद वर्षानुवर्षे घासले, रंगविले, बदलले गेले, म्हणून तो पूल शंभरी ओलांडू शकला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्यावरची वाहतूक थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारचा नवा पूल सुरू झाला. नवा पूल जुन्यापेक्षा सुमारे तीन मीटर उंच आहे आणि त्यात न गंजणाऱ्या सळया वापरल्या आहेत. प्रोग्रेसोचा धडा रामेश्वरला पोहोचायला ऐंशी वर्षे लागली, पण पोहोचला.

लाटेवरचे उपायही असेच आहेत. गाळे खांबांना पोलादी पट्ट्यांनी जखडून टाकावेत, म्हणजे ते उचलले जाणार नाहीत. स्लॅबला भोके ठेवावीत, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाईल आणि कळशीची चाळणी होईल. आणि नवा बांधायचा असेल तर उंच बांधावा. कतरीनानंतर न्यू ऑर्लीन्सजवळच्या सरोवरावर जो नवा जोडपूल झाला, तो पाण्यापासून ३० फुटांवर, म्हणजे जुन्यापेक्षा २१ फूट अधिक उंच ठेवला. जखडण्याच्या बाबतीत मात्र तारतम्य लागते: गाळे पक्के जखडले की लाटेचा सगळा जोर खांबांवर आणि पायांवर येतो. म्हणून पाय पाहिल्याशिवाय पट्ट्या मारणे हा शहाणपणा नव्हे. पुन्हा तांडेलाचेच म्हणणे खरे ठरते.

आता कोणी म्हणेल, हे तिन्ही शत्रू तर पूर्वापार आहेत. आताच एवढी घाई का? कारण ह्या तिघांच्या पाठीशी एक चौथा उभा राहिला आहे. समुद्राची पातळी चढते आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०२१ साली जो अहवाल दिला, त्याप्रमाणे १९०१ ते २०१८ ह्या काळात समुद्र सरासरी सुमारे २० सेंटिमीटर चढला. म्हणजे एक वीत. पण चढण्याचा वेग वाढतो आहे. १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर होता, तो २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर झाला. ह्या शतकाच्या अखेरीस, १९९५ ते २०१४ ह्या काळाशी तुलना करता, समुद्र आपण सुधारलो तर कमीत कमी २८ सेंटिमीटर आणि अगदीच बेफिकीर राहिलो तर सुमारे एक मीटर चढलेला असेल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या जुन्या मापात सव्वा वितीपासून दोन हातांपर्यंत.

एका वितीने काय होते, असे वाटेल. पुष्कळ होते. ज्या लाटेचा माथा आज गर्डराच्या खालून निसटून जातो, तो उद्या गर्डरावर आपटतो. भिजण्या-सुकण्याचा पट्टा वर सरकतो आणि ज्या काँक्रीटला मीठ सोसण्यासाठी घडविलेच नव्हते, त्याला मीठ लागते. आणि पूल उंच असला तरी त्याच्या दोन्ही टोकांचे पोहोचरस्ते खाजणातून गेलेले सखल असतात; ते आधी पाण्याखाली जातात. मग पूल शाबूत आणि गाव तुटलेले! प्रसूतीसाठी निघालेल्या बाईला पूल उभा आहे ह्याचा काय उपयोग? शिवाय अरबी समुद्रही पूर्वीसारखा स्वस्थ राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा झोपल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले.

म्हणजे आपले जुने पूल ज्या समुद्रासाठी बांधले गेले, तो समुद्र आता राहिलेला नाही. बांधणाऱ्यांचा ह्यात दोष नाही. त्यांनी आपल्या काळची भरती मोजली. आजची भरती मोजणे हे आपले काम आहे.

मग सगळे जुने पूल पाडून नवे बांधायचे काय? तेवढा पैसा कोणत्याच राज्याजवळ नसतो, आणि तशी गरजही नसते. कित्येक पूल जॅक लावून वर उचलता येतात आणि खालचे बेअरिंगाचे ओटे वाढवून हात-दोन हात उंच बसविता येतात. पोहोचरस्त्यांची भर वाढविता येते, त्यांत पाणी जायला मोऱ्या ठेवता येतात. कोणत्या पुलाला रंगरंगोटी पुरे, कोणत्याला जस्ताचा अंगरखा हवा, कोणत्याला दगडांची भर हवी आणि कोणता खरोखरच निवृत्त करायला हवा, हे ठरविण्यासाठी आधी एकेक पूल नीट पाहिला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पूल तपासण्याची रीत आपल्याकडे आहेच. ती रीत सुकतीच्या वेळी, होडीत बसून आणि हातोडीने ठोकून पाळली गेली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

येथे आम्हांला कोकणातल्या घराची आठवण होते. हेच दिवस, वैशाख-ज्येष्ठाचे. घरमालक कितीही गरीब असो, पावसाच्या आधी घर शाकारल्याशिवाय राहत नाही. कौले उतरतात, फुटकी बदलतात, वासा किडला असेल तर नवा घालतात. शाकारणीला कोणी पाहुणे बोलावीत नाही, फीत कापीत नाही, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. पण घर शंभर वर्षे उभे राहते ते वास्तुशांतीच्या जेवणावळीमुळे नव्हे, ह्या शंभर शाकारण्यांमुळे. पुलांच्या बाबतीत आपण उलट वागतो. उद्घाटनाला हजारोंची गर्दी करतो, आणि त्यानंतर शाकारणीची आठवण ठेवीत नाही. शिवडी-न्हावाशेवा दरम्यान सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शंभर वर्षे टिकावा अशा बेताने तो बांधला आहे. अभिमान वाटावा असेच ते काम आहे. पण शंभर वर्षे ही काही त्याच्या पोटात भरून ठेवलेली नसतात. ती दर वर्षी एकेक करून आपण त्याला द्यायची असतात.

आणि ह्यात केवळ सरकारला बोल लावून चालणार नाही. सरकार ते करते, जे लोक मागतात. आम्ही नवा पूल मागणारी निवेदने पुष्कळ पाहिली. जुना पूल तपासा असे मागणारे निवेदन उभ्या नोकरीत क्वचितच पाहिले. तेव्हा येथून जाताना चार प्रश्न बरोबर घेऊन जा. तुमच्या आजोळच्या वाटेवर जो पूल आहे, त्याचे पाय शेवटी कोणी, केव्हा आणि ओहोटीला पाहिले काय? पाणी किती चढले म्हणजे तो बंद करायचा, हे ठरलेले आहे काय, आणि रात्री दोन वाजता ते फाटक कोण लावणार? त्याच्या देखभालीसाठी दर वर्षी वेगळी रक्कम ठेवलेली आहे काय? आणि तपासणीचा अहवाल गावच्या लोकांना वाचायला मिळतो काय? हे प्रश्न विचारायला इंजिनियर असावे लागत नाही. त्या म्हाताऱ्या तांडेलाने कोणती परीक्षा दिली होती?

तो तांडेल आता हयात नाही. दुरुस्तीनंतर एकदा भेटला, तेव्हा आम्ही त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "साहेब, माझी नात त्या पुलावरून शाळेला जाते." त्याने सुकतीला यायला का सांगितले, हे आम्हांला तेव्हा समजले. ज्याचे मूल पुलावरून जाते, त्याने पुलाचे पाय पाहावेत, हा साधा न्याय आहे; आणि मूल कोणाचे जात नाही?